जुने एपिसोड तुकडे करून नको, पूर्ण दाखवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या टीव्ही कार्यक्रमांवर एक लेख आला होता. लेख छान होता, पण त्यात एक वाक्य असं होतं की जुन्या काउंटडाउन शोमधली गाणी आता इंटरनेटवर सुटी सुटी मिळतातच, मग ते अख्खे एपिसोड जपून ठेवायची आणि परत दाखवायची गरज काय. ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसले. पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे, जागा नसेल तर काटछाट करा, पण टेप पुसण्याबद्दल खाली जे लिहिलंय तेवढं राहू द्या ही विनंती.

मी नोकरीनिमित्त काही वर्षं इंग्लंडमध्ये होते. २०११ च्या एप्रिलमध्ये तिकडे बीबीसी फोर या चॅनेलवर 'टॉप ऑफ द पॉप्स'चे जुने एपिसोड दाखवायला सुरुवात झाली. ज्यांना हा कार्यक्रम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १ जानेवारी १९६४ ला मँचेस्टरमधल्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत बीबीसीने स्टुडिओ केला होता तिथून हा सुरू झाला, आधी फक्त सहाच भाग करायचे ठरले होते, आणि तो चालला थेट ३० जुलै २००६ पर्यंत, म्हणजे बेचाळीस वर्षं, दोन हजार दोनशेच्या वर एपिसोड. त्या आठवड्यात देशभरात कुठल्या रेकॉर्ड जास्त खपल्या त्यावरून चार्ट बनायचा आणि त्यातल्या गाण्यांचे कलाकार स्टुडिओत येऊन गायचे, शेवटी नंबर वन. एवढंच. सत्तरच्या दशकात दर आठवड्याला दीड कोटी लोक बघायचे म्हणतात.

आता बीबीसी फोरने काय केलं तर निवडक, गाजलेलं, 'बेस्ट ऑफ' असं काही नाही केलं. त्यांनी १९७६ पासून सुरुवात केली आणि पस्तीस वर्षांपूर्वी याच आठवड्यात जो एपिसोड लागला होता तो या आठवड्यात, पुढचा पुढच्या आठवड्यात, असं ओळीने दाखवत गेले. दर गुरुवारी संध्याकाळी. मी पहिला एपिसोड सहज लावला, दुसरा बघू या म्हणून बघितला, आणि मग पुढची काही वर्षं माझे गुरुवार ठरलेलेच झाले. शेजारी एक साठी ओलांडलेल्या बाई राहायच्या, त्यांनी हे सगळं शाळेत असताना बघितलेलं, त्या कधी कधी यायच्या आणि गाणं सुरू व्हायच्या आधीच सांगायच्या की हे मला अजिबात आवडायचं नाही, बंद कर. मग शेवटपर्यंत बसून बघायच्या.

मला पहिला धक्का बसला तो १९७६ चाच. इंग्रजी संगीताबद्दल जे काही थोडंफार वाचलं होतं त्यात १९७६ म्हणजे पंक या बंडखोर रॉक संगीताचं साल, सेक्स पिस्टल्स, द क्लॅश असे ग्रुप, तरुण पोरं भडकलेली, जुनं सगळं उलथवून टाकलं वगैरे. म्हणून मी वाट बघत बसले की आता येतील, आता येतील. एप्रिल गेला, मे गेला, कोणी येईना. आलं कोण तर युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकलेले ब्रदरहूड ऑफ मॅन, नीटनेटके कपडे, हसरे चेहरे, सहा आठवडे नंबर वन. मग आबा हा स्वीडनचा ग्रुप. जूनमध्ये तर द वर्झल्स नावाचा एक ग्रुप नंबर वनला गेला, इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या गावरान बोलीत शेतीच्या यंत्रावर गाणारी माणसं! मग डेमिस रूसोस, मग एल्टन जॉन आणि किकी डी सहा आठवडे, मग परत आबा सहा आठवडे. वर्ष संपलं तरी पंक नाही. सेक्स पिस्टल्सची पहिली रेकॉर्ड डिसेंबरमध्ये कशीबशी अडतिसाव्या नंबरपर्यंत पोचली होती म्हणे, पण कार्यक्रमात त्याचा पत्ता नाही. १९७७ च्या मे महिन्यात द जॅम नावाची तीन पोरं काळे सूट घालून आली तेव्हा कुठे जरा वारं बदलल्यासारखं वाटलं, आणि तेही मला वाटलं कारण आधीचं वर्षभर मी आठवड्यामागून आठवडा ते मऊ मऊ सगळं ऐकत बसले होते. नुसती ती तीन मिनिटांची क्लिप बघितली असती तर मला काय कळणार होतं की ही पोरं एवढी घाईत का वाजवतायत.

संपादकसाहेब, माझं सगळं म्हणणं खरं तर एवढंच आहे. सुटी गाणी बघितली की आपल्याला फक्त जे टिकलं ते दिसतं. लोक त्या वेळी काय ऐकत होते, पैसे देऊन काय घरी आणत होते, ते पूर्ण एपिसोडमध्ये दिसतं. सतराव्या नंबरवरचं, आज कोणालाच आठवत नाही असं गाणं, ज्याचा गायक जीव तोडून गातोय आणि तीन आठवड्यांनी गायब होतो, तो कुठल्याही 'सदाबहार' यादीत येणार नाही. पण त्या गुरुवारी तो होता. त्याच्या आधी कोण होतं, नंतर कोण होतं, निवेदकाने त्याची ओळख कशी करून दिली, पोरंपोरी त्याच्यापुढे कशी कंटाळून डुलत होती, हे सगळं आहे तिथे.

आणि त्या कार्यक्रमाचे नियमच असे होते की तो तोडून बघण्यात अर्थ नाही. सुरुवातीच्या निर्मात्याने, जॉनी स्टुअर्ट त्यांचं नाव, ठरवून दिलं होतं की चार्टमध्ये खाली घसरणारं गाणं दाखवायचं नाही, एकच गाणं लागोपाठ दोन आठवडे दाखवायचं नाही, अपवाद फक्त नंबर वन, आणि शेवट नंबर वननेच करायचा. पुढे हे नियम सैल झाले पण बराच काळ टिकले. यातून काय व्हायचं की एखादं आवडतं गाणं वर चढतंय तोवर दिसायचं, एका आठवड्यात एक पायरी जरी खाली आलं की संपलं, परत दिसणार नाही. मी पस्तीस वर्षांनी बघत होते, शेवटी काय होणार ते एका मिनिटात शोधता आलं असतं, तरी मी शोधायची नाही. गुरुवारपर्यंत थांबायची. आपल्याकडे ज्यांनी दर बुधवारी रात्री आठला रेडिओ सिलोन लावून अमीन सयानींच्या तोंडून 'पायदान' ऐकल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको. बिनाका गीतमालाची मजा सगळी चढण्या-उतरण्यात होती, सरताज गीताआधीच्या त्या थांबण्यात होती. गाणं काय, ते तर इतर वेळीही लागायचंच.

चार्ट बनायचा कसा हेही मी यानिमित्ताने शोधून शोधून वाचलं. साठच्या दशकात बीबीसी वेगवेगळ्या संगीत साप्ताहिकांचे चार्ट घेऊन त्यांची सरासरी काढायची. १९६८ च्या ऑगस्टमध्ये या हिशोबात चक्क तीन गाणी एकत्र पहिल्या नंबरवर आली, मग शेवटी वाजवायचं कोणाला! त्यानंतर १९६९ पासून एका संशोधन संस्थेला काम दिलं, तिने शेकडो दुकानांना डायऱ्या दिल्या, दुकानदाराने विकलेली प्रत्येक रेकॉर्ड त्यात लिहायची आणि डायरी पोस्टाने पाठवायची. पोस्टाने! १९७१ च्या सुरुवातीला तिकडे टपाल संप झाला तेव्हा चार्टचीच पंचाईत झाली. कॉम्प्युटरवर मोजणी सुरू झाली ती १९८३ मध्ये. कंपन्यांची माणसं ठराविक दुकानांत जाऊन आपल्याच रेकॉर्ड विकत घ्यायची असे प्रकारही व्हायचे, म्हणजे चार्ट काही गंगाजलासारखा शुद्ध नव्हता. तरी पण कुठल्यातरी गावातल्या दुकानात एका पोराने साठवलेल्या पैशातून रेकॉर्ड घेतली आणि दुकानदाराने पेनने एक ओळ लिहिली, त्यातून गुरुवारचा तो क्रम तयार झाला, हे मला फार मोठं वाटतं. आज आपण काय ऐकतो ते मशीन मोजतं आणि मशीनच पुढचं सुचवतं.

आता चुकांबद्दल. क्लिप काढणारा माणूस चुका काढून टाकतो, आणि मला तर त्या चुकांमधूनच सगळ्यात जास्त समजलं. १९६६ पासून वादकांच्या युनियनच्या दबावामुळे नुसती रेकॉर्ड लावून ओठ हलवायला बंदी आली, मग एक तर गाणं कार्यक्रमासाठी नव्याने रेकॉर्ड करा किंवा स्टुडिओतल्या ऑर्केस्ट्राबरोबर गा. जॉनी पिअरसन यांचा तो ऑर्केस्ट्रा, माणसं तयारीची होती यात शंका नाही, पण आज पंचवीस वेगवेगळ्या प्रकारची गाणी समोर ठेवली तर कोणाचीही तारांबळ उडेल. १९७८ मध्ये एकोणीस वर्षांची केट बुश पहिल्यांदा आली तो एपिसोड बघा. तिचे स्वतःचे वादक नाहीत, मागे हा ऑर्केस्ट्रा, आणि ती मुलगी एकटी मध्ये उभी राहून ते विलक्षण गाणं गातेय, तिच्या चेहऱ्यावर दिसतं की हे आपल्याला हवं तसं होत नाहीये. तिला स्वतःला तो परफॉर्मन्स अजिबात आवडला नव्हता. पण पुढे तेच गाणं चार आठवडे नंबर वन राहिलं, स्वतः लिहिलेल्या गाण्याने ब्रिटनमध्ये नंबर वन होणारी ती पहिली बाई. मला स्वतःला त्या अवघडलेल्या पहिल्या वेळेचा एपिसोड नंतरच्या सगळ्या देखण्या व्हिडिओंपेक्षा जवळचा वाटतो.

आणि १९८८ चा तो प्रसंग, ऑल अबाउट ईव्ह नावाचा ग्रुप. तोवर ओठ हलवायला परत परवानगी मिळाली होती. गायिका स्टुलावर बसलीय, शेजारी गिटारवाला, गाणं सुरू झालं, घरी बसलेल्या लोकांना ऐकू येतंय पण स्टुडिओतल्या स्पीकरमधून त्या दोघांना काहीच ऐकू येत नाहीये. कार्यक्रम थेट चाललेला. ती शांतपणे बसून राहिलीय, वाट बघतेय, आणि तिचाच आवाज सगळ्या देशाला ऐकू जातोय. मी हे बघताना अक्षरशः घशात आवंढा आला. पुढच्या आठवड्यात त्यांना परत बोलावलं आणि ती खरोखर लाइव्ह गायली. ही क्लिप इंटरनेटवर 'फजिती' म्हणून फिरते, पण दुसऱ्या आठवड्यातलं ते गाणं तिच्यासोबत कोणी जोडत नाही. दोन्ही ओळीने बघितलं तर ती फजिती राहत नाही, ते एका बाईने आपलं गाणं परत मिळवणं होतं.

नाचाबद्दलही एक सांगायचंय. कलाकार येऊ शकला नाही की त्याच्या गाण्यावर कार्यक्रमाचा नृत्यगट नाचायचा. पॅन्स पीपल नावाचा मुलींचा गट खूप गाजला, फ्लिक कोल्बी या बाई नाच बसवायच्या. १९७६ च्या मे महिन्यात त्या जागी रूबी फ्लिपर नावाचा नवा गट आला, त्यात मुलं होती, मुली होत्या, काळे होते, गोरे होते. मला तर तो फार आवडायला लागला होता. पाच-सहा महिन्यांत बंद! का, तर बीबीसीतल्या वरच्या लोकांना वाटलं की प्रेक्षकांना फक्त मुलीच नाचताना बघायच्यात, मग परत सगळ्या मुलींचा लेग्ज अँड कंपनी. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं असतं तर एक ओळ वाचून पुढे गेले असते. पण मी तो गट येताना बघितला, ऑक्टोबरपर्यंत रुळताना बघितला, आणि मग एका आठवड्यात तो नाहीच. त्या वेळी घरी बसलेल्या कोणालातरी असंच रिकामं वाटलं असणार.

आता टेपांबद्दल.

बीबीसी फोरने १९७६ पासूनच सुरुवात का केली? पस्तीस वर्षांचा हिशोब होताच, पण दुसरं कारण असं की त्याच्या आधीचे एपिसोड बहुतेक उरलेच नाहीत. साठच्या दशकात शेकडो एपिसोड झाले, त्यातले पूर्ण असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शिल्लक आहेत. चोरीला गेले नाहीत, जळाले नाहीत. पुसले. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होती, कलाकारांच्या युनियनशी करार असे होते की एखादा कार्यक्रम फार वेळा परत दाखवता यायचा नाही, घरोघरी व्हिडिओ नव्हते, त्यामुळे प्रक्षेपण झालं की त्या टेपची किंमत शून्य, तिच्यावर दुसरं काहीतरी रेकॉर्ड करा. कोणी दुष्टपणे केलं नाही. हिशोबनीसाच्या दृष्टीने तर ते शहाणपणाचंच होतं. आणि ज्याने बटण दाबलं त्याला हे पॉप गाण्यांचं पोरकट काहीतरी वाटत असणार, नाटक नाही, बातम्या नाहीत, पंतप्रधानांचं भाषण नाही, कशाला ठेवायचं?

बीटल्स या कार्यक्रमाच्या स्टुडिओत प्रत्यक्ष एकदाच वाजवायला आले, १६ जून १९६६ ला. जगातला सगळ्यात प्रसिद्ध ग्रुप! ती टेप गेली. मग पन्नासच्या वर वर्षांनी, २०१९ मध्ये, त्यातले काही सेकंद सापडले, कारण लिव्हरपूलमधल्या एका कुटुंबाने घरच्या आठ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टीव्हीच्या पडद्याचंच शूटिंग केलं होतं. आवाज नाही. अकरा सेकंद. त्यासाठी बातम्या झाल्या. १९६५ मधला त्यांचा याच कार्यक्रमातला आणखी एक तुकडा टिकलाय, तोही कशामुळे तर 'डॉक्टर हू' या मालिकेच्या एका भागात पात्रं काळाच्या पलीकडचं बघायच्या यंत्रात डोकावतात तिथे तो दाखवला होता. म्हणजे मूळ कार्यक्रम पुसला गेला आणि मुलांच्या विज्ञानकथेत अडकलेला तुकडा वाचला.

डेव्हिड बोवी या ब्रिटिश गायकाचं तर मला दर वेळी आठवलं की अंगावर काटा येतो. १९७३ च्या जानेवारीतला त्याचा परफॉर्मन्स गेला असंच सगळे धरून चालले होते. पण त्या दिवशी स्टुडिओत जॉन हेनशॉल नावाचे एक कॅमेरामन होते, त्यांनी एक खास गोलसर दिसणारी लेन्स वापरली होती आणि आपल्या लेन्सचं काम दाखवायला हवं म्हणून त्यांनी त्या रेकॉर्डिंगची एक प्रत स्वतःसाठी मागून घेतली होती. ती त्यांच्याकडे तशीच राहिली. जवळजवळ एकोणचाळीस वर्षं. त्यांना माहीतच नव्हतं की बाकी कोणाकडे ती नाही! २०११ च्या डिसेंबरमध्ये ती बीबीसीवर परत दाखवली तेव्हा मी तिथेच होते, टीव्हीसमोर. मोठ्या संस्थेने पुसलं आणि एका माणसाच्या कपाटाने वाचवलं.

एक गोष्ट मात्र टाळून चालणार नाही, आणि लिहिताना जड जातंय. पूर्ण एपिसोड दाखवा असं मी म्हणते तेव्हा कोणी विचारेल की मग जिमी सॅव्हिलचे पण दाखवायचे का. पहिला एपिसोड सादर करणारा हाच, २००६ च्या शेवटच्या एपिसोडमध्येही हाच. तो २०११ मध्ये वारला आणि वर्षभराने, २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याने कित्येक दशकं लहान मुलामुलींवर केलेले अत्याचार बाहेर आले. २०१६ मध्ये चौकशीचा मोठा अहवाल आला, त्यात या कार्यक्रमाचाही उल्लेख आहे. हे सगळं बाहेर येईपर्यंत त्याचे काही एपिसोड मी बघितले होते. निवेदक मध्ये, आजूबाजूला पंधरा-सोळा वर्षांच्या मुली, त्याचे हात त्यांच्या खांद्यांवर. बघताना थोडं खटकलं होतं, पण त्या काळी तसंच असेल म्हणून सोडून दिलं होतं. ते सोडून देणं मला नंतर फार टोचलं. २०१२ नंतर बीबीसीने त्याचे एपिसोड दाखवणं बंद केलं, पुढे आणखी एका निवेदकाचेही. मला ते योग्यच वाटतं. ज्या मुली तेव्हा तिथे उभ्या होत्या त्या आज आज्या असतील, त्यांच्या घरात गुरुवारी संध्याकाळी तो चेहरा परत यायला नको. पण ते एपिसोड पुसायला नकोत, जपून ठेवायला हवेत, अभ्यासकांना बघता यायला हवेत, कारण सगळ्या देशासमोर, कॅमेऱ्यासमोर काय चाललं होतं आणि कोणाला काही दिसलं कसं नाही, याचा तो पुरावा आहे. आणि मध्ये आठवडा गाळला तर का गाळला ते पडद्यावर सांगायला हवं, गुपचूप उडी मारायची नाही.

गाळण्यावरून आठवलं. १९८४ च्या जानेवारीत फ्रँकी गोज टू हॉलिवूड या ग्रुपच्या गाण्यावर बीबीसीने अश्लील म्हणून बंदी घातली, आणि नेमकं तेच पाच आठवडे नंबर वन! म्हणजे कार्यक्रमाचा शेवट ज्याने करायचा तेच दाखवता येईना. पाच आठवडे निवेदक नंबर वनचं नाव सांगतोय आणि शेवटी लागतंय भलतंच काहीतरी. त्या वर्षीच्या नाताळच्या खास भागात मात्र त्याच ग्रुपला बोलावून तेच गाणं गायला लावलं. बंदी किती पोकळ असते हे मला त्या पाच रिकाम्या शेवटांनी समजलं. गाण्याच्या क्लिपमध्ये रिकामी जागा दिसत नाही हो.

आता आपल्याकडचं. मी परत आल्यावर मोठ्या उत्साहाने शोधायला बसले की आपले काउंटडाउनचे कार्यक्रम कुठे बघायला मिळतात. नव्वदच्या सुरुवातीला दूरदर्शनच्या मेट्रो चॅनेलवर बाबा सेहगल सादर करायचे तो 'सुपरहिट मुकाबला', नंतर झीवरचा 'फिलिप्स टॉप टेन', त्यातल्या पंकज कपूर आणि सतीश कौशिक यांच्या त्या गमतीजमती. तुकडे सापडतात. कोणीतरी घरी रेकॉर्ड केलेले, पट्टे पट्टे आलेले. अमुक आठवड्याचा पूर्ण एपिसोड, तारखेसकट, मागचा आणि पुढचा जोडून, असं मला काही मिळालं नाही. दूरदर्शनने २०२० च्या लॉकडाउनमध्ये रामायण परत लावलं तेव्हा देश टीव्हीसमोर बसला होता, त्यानंतर लगेच एप्रिलमध्ये डीडी रेट्रो चॅनेल आलं, २०२४ मध्ये प्रसार भारतीने वेव्हज नावाचं ॲपही आणलं. म्हणजे दाखवायला जागा आहे, बघणारे आहेत. पण परत दाखवायची वेळ आली की महाकाव्यं, मोठ्या मालिका, नामवंतांच्या मुलाखती. त्या दाखवाव्यातच. गाण्यांच्या काउंटडाउनला मात्र कोणी विचारत नाही, कारण इथेही तेच वाटतं की हे काय जपायचं, गाणी तर आहेतच.

गाणी आहेत, पण तो क्रम नाही. १९९३ च्या एखाद्या पावसाळी आठवड्यात या देशातली तरुण पोरं कुठल्या गाण्याला वर चढवत होती आणि कुठल्याला खाली ढकलत होती, निवेदक काय कपडे घालून कुठल्या हिंदी-इंग्रजीत बोलत होता, मध्ये जाहिराती कशाच्या होत्या, पॉप नावाची चीज आपल्या टीव्हीवर कशी कशी शिरत गेली, हे सगळं त्या अर्ध्या-एक तासाच्या टेपमध्ये आहे, आणि चित्रपटाच्या सीडीत ते नाही. हक्कांचे प्रश्न असतील, एकेका गाण्यासाठी एकेका कंपनीशी बोलावं लागत असेल, मला ते समजतं. म्हणून लगेच दाखवाच असं मी म्हणत नाही. पहिली मागणी साधी आहे. दूरदर्शनने आणि ज्या खासगी चॅनेलकडे असे कार्यक्रम होते त्यांनी कुठल्या तारखेचे कुठले एपिसोड शिल्लक आहेत याची यादी जाहीर करावी. नुसती यादी. कुठले पुसले गेले तेही लिहावं. मग ज्यांच्या ज्यांच्या कपाटात जुन्या व्हीएचएस कॅसेट पडल्यात त्यांना समजेल की आपल्याकडची कॅसेट कुठल्या रिकाम्या चौकटीत बसते, आणि ते ती आणून देतील. तिकडे बऱ्याच हरवलेल्या गोष्टी अशाच परत आल्यात, लोकांच्या घरातून. आपण या विषयाचा पाठपुरावा केलात, वाचकांना कॅसेटबद्दल कळवायला सांगितलंत तर फार बरं होईल, कारण त्या चुंबकीय फितीला बुरशी लागते, चिकटते, आणि ती लावायची मशीनं दुरुस्त करणारेही आता फार थोडे राहिलेत.

माझ्याकडून सुरुवात करते. माझ्या मोठ्या भावाला असले कार्यक्रम रेकॉर्ड करायचा नाद होता. जाहिराती आल्या की तो पॉज दाबायला धावायचा आणि कधी कधी उशीर व्हायचा, त्यामुळे जाहिरातींचे तुकडेही त्यात आलेत, ज्याबद्दल तेव्हा तो चिडायचा आणि आज मला वाटतं बरं झालं. त्यातली एक कॅसेट माझ्याकडे आहे, 'सुपरहिट मुकाबला'चे दोन एपिसोड तिच्यात असावेत, एक पूर्ण आणि एक मध्येच तुटलेला. मी ती लावून बघायचं धाडस केलेलं नाही, फीत तुटेल म्हणून. कोणी जाणकार संस्था नीट उतरवून घेणार असेल तर मी स्वतः नेऊन देईन. कॅसेटच्या पट्टीवर तारीख नाही, नाव नाही, फक्त भावाच्या अक्षरात लाल पेनने मोठ्ठं लिहिलंय, 'पुसू नये'.

आपली,
एक नियमित वाचक